उरलेले महिने

माझा मेव्हणा क्लिफर्ड प्रत्येक गोष्ट वेळेच्या आधी करतो. गाडीचा विमा संपायच्या आधी नवा, बॉयलरची तपासणी थंडी पडायच्या आधी, नाताळची शुभेच्छापत्रं नोव्हेंबरातच टपालपेटीत. युरोपातून बाहेर पडायचं की नाही यावर देशाने मतदान केलं त्या दिवशी हा मतदान केंद्राचं दार उघडायच्या आधीच बाहेर रांगेत उभा होता. पहिला. हातात छत्री, अंगात इस्त्रीचा शर्ट. मत अर्थातच बाहेर पडायला. आमच्या ग्रिम्सबी बंदरात बहुतेकांनी तेच दिलं, मीही दिलं. मासळीच्या गोदीत उभा जन्म काढलाय आणि ती गोदी कशी ओस पडली ते डोळ्यांनी पाहिलंय. पण मी गेलो दुपारी, पोटात बिअर टाकून. क्लिफ गेला तो देवळात गेल्यासारखा. "आता आपले नियम आपण करणार," असं तो बाहेर येऊन म्हणाला होता. नियम या शब्दावर त्याचा फार जीव. बायकोचं नाव त्याने इतक्या मायेने घेतलेलं मी कधी ऐकलं नाही.

बायको म्हणजे माझी थोरली बहीण, हेझल.

पासपोर्टसुद्धा त्याने असाच आधी काढला होता. जुन्याची मुदत बरीच शिल्लक असताना. त्या काळी उरलेले महिने नव्या पासपोर्टात जोडून मिळायचे, म्हणजे दहा वर्षं आणि वर आणखी नऊ महिने. पबमध्ये हे तो अशा थाटात सांगायचा की जणू सरकारच्या खिशात हात घालून काढून आणलेत. "तुम्हा लोकांना दहा वर्षं मिळतात. मला पावणेअकरा." पुढे आपण युरोपीय संघातून बाहेर पडलो आणि निळे पासपोर्ट आले. क्लिफला निळा हवा होता. त्याच्या जुन्या लालवर सोनेरी अक्षरांत संघाचं नाव छापलेलं, ते दिसलं की त्याच्या कपाळाला आठ्या. पण मुदत शिल्लक असलेली वस्तू टाकून द्यायची? बरणीतला जॅम चमच्याने खरवडून, वर गरम पाणी घालून हलवून पिणारा माणूस तो. लाल पासपोर्ट खणात जपून राहिला.

आम्ही भावंडं नेमकी उलट. माझा पासपोर्ट पँटच्या खिशात राहिला आणि पँट वॉशिंग मशीनमध्ये गेली. नवा काढावा लागला. "आत सिंह टाकलास, बाहेर उंदीर आला," हे मुखपृष्ठावरच्या सिंहावरून क्लिफने मला वर्षभर ऐकवलं. हेझलचा स्पेनमधल्या बेनिडॉर्मच्या बाजारात पर्ससकट चोरीला गेला. तिलाही नवा काढावा लागला. त्यावरून तर त्याने जन्माचं भांडवल केलं. रविवारी भाजलेलं मटण कापताना, नाताळला, चारचौघांत, सुरी हातात धरून म्हणायचा, "काय आहे, तुमचं घराणंच गळकं. हातात द्याल ते गळतं." आणि हेझल हसायची. नुसते ओठ हलवून हसायची. मी तिला लहानपणापासून ओळखतो, ते तिचं हसू नव्हे.

नियमांचंच चाललंय तर आईच्या अंत्यविधीचं सांगून टाकतो, कारण ते मी विसरलेलो नाही. माझी आई गेली तेव्हा हेझलची एकुलती पोरगी कर्स्टी पंधरा वर्षांची होती. आजीची अतिशय लाडकी. क्लिफने आदल्या दिवशीच जाहीर केलं, "गाडी नवाला निघेल. गाडी कोणासाठी थांबत नाही." सकाळी कर्स्टी आजीने दिलेला ब्रोच शोधत वरच्या खोलीत कपाटं उचकत होती. नऊ वाजले, क्लिफने गाडी सुरू केली आणि निघाला. पोरगी दाराबाहेर आली तेव्हा गाडी कोपऱ्यावर वळत होती. ती मागे धावली. हेझलने आरशात पाहिलं. पाहिलं आणि गप्प बसली.

कर्स्टी बस बदलत बदलत दहनगृहाशी पोचली तेव्हा आम्ही बाहेर उभे राहून एकमेकांचे हात दाबत होतो आणि आत दुसऱ्याच कोणाची तरी शवपेटी नेत होते. पोरीच्या मुठीत तो ब्रोच होता. मी क्लिफची कॉलर धरली. तो शांतपणे म्हणाला, "डेझ, आज थांबलो असतो तर ही जन्मभर उशिरा आली असती." आता खोटं कशाला बोलू, त्यानंतर ती कधीच कशाला उशिरा आली नाही. रडलेलीही मला दिसली नाही.

पोरगी मोठी झाली, लीड्सला नोकरीला लागली, रविवारी दुपारी एक फोन करायची. बापाशी हवापाण्याचं बोलायची आणि फोन आईकडे द्या म्हणायची. आणि मग मागच्या जानेवारीत तिने सांगितलं की लग्न ठरलं, मुलगा क्रेग म्हणून आहे, लग्न जुलैत, ग्रीसच्या कॉर्फू बेटावर, समुद्राकाठी. "आणि बाबा, लग्नात नवऱ्यापर्यंत मला तुम्हीच हाताला धरून घेऊन चालायचं."

क्लिफ फोन ठेवून मागच्या अंगणातल्या शेडमध्ये गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. हेझल म्हणाली, डोळे लाल करून आला आणि म्हणाला की शेडमध्ये फार धूळ झालीय.

तेव्हापासून त्या माणसाला दुसरं काही सुचेना. ग्रीस लांब, ऊन फार, जेवणात तेल फार, ही कुरकुर एका दिवसात बंद झाली. त्याचा खुब्याचा सांधा गेलेला, काठीशिवाय चालता येत नव्हतं. त्याने तो वसंतात बदलून घेतला. डॉक्टर म्हणाले सावकाश. हा कसला सावकाश! पुढच्या दारापासून स्वयंपाकघरापर्यंतच्या पॅसेजमध्ये रोज सकाळ-संध्याकाळ चालायचा. काठी खुंटीला. आणि कोणाचा तरी हात कोपरात असल्याचा सराव हवा म्हणून व्हॅक्यूम क्लीनर उभा करून त्याचा दांडा कोपरात धरायचा आणि त्याला हळूहळू बरोबर ढकलत न्यायचा. मी एकदा अचानक गेलो तर दारात उभा राहून हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"नवरी जरा जाड आहे रे," मी म्हणालो.

"हस," क्लिफ म्हणाला. कपाळावर घाम होता. "काठी घेऊन नेणार नाही मी तिला. फोटोत काठी दिसणार नाही. एवढंच मला पाहिजे, डेझ. बाकी मला काही नको."

हेझल स्वयंपाकघराच्या दारात चहाचे कप घेऊन उभी होती. "सरक बाजूला," ती मला म्हणाली, "त्याला वळायला जागा लागते."

मे महिन्यात कर्स्टीने सगळ्यांकडून पासपोर्टच्या पानाचे फोटो मागवले, कारण विमानाची तिकिटं ती एकटी काढणार होती. क्लिफने त्याच दिवशी पाठवले. मी पाठवले दोन वेळा आठवण केल्यावर, आणि त्यातही पहिल्या फोटोत माझाच अंगठा होता. त्याच महिन्यात केव्हातरी हेझल माझ्याकडे आली आणि खिशातून टेप काढून माझी कंबर आणि पायांची लांबी मोजायला लागली.

"काय गं, शवपेटी करतेस की काय माझी?"

"गप्प उभा राहा. वाढदिवसाला पँट घ्यायचीय तुला."

माझा वाढदिवस नोव्हेंबरात असतो. पण बायका कपड्यांच्या बाबतीत काय करतील याचा विचार करणं मी दुसऱ्या घटस्फोटानंतर सोडलंय.

लग्न शनिवारी होतं, आम्ही गुरुवारी निघालो. क्लिफने आम्हाला विमानतळावर इतक्या लवकर नेलं की बॅगा घ्यायचे काउंटर उघडलेही नव्हते. "पहिला नंबर," तो म्हणाला आणि रांगेच्या पट्टीला हात लावून उभा राहिला. काठी आणली नव्हती. लग्नाचा सूट पिशवीत घालून हातावर आडवा घेतला होता, दुसऱ्याला धरू देत नव्हता.

काउंटर उघडले. शेजारच्या रांगेत एका जोडप्याचं काहीतरी बिनसलं. बाळाचा पासपोर्ट संपलेला होता म्हणे. बाई रडायला लागली, बाळ तिला बघून रडायला लागलं. क्लिफ त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "काही लोकांना साधी तारीख वाचता येत नाही. आणि हे मुलं वाढवणार."

"हळू बोल," मी म्हणालो.

"का हळू? तारीख छापलेली असते, डेझ. आकड्यांत असते. गळक्या लोकांसाठी मुद्दाम मोठी छापतात."

आमचा नंबर लागला. खोट्या पापण्या लावलेल्या एका मुलीने हेझलचा पासपोर्ट पाहिला, ठीक. माझा पाहिला, ठीक. क्लिफचा उघडला, पान उलटलं, पुन्हा मागे आली, बोटांवर काहीतरी मोजलं.

"सर, हा काढला कधी?"

"त्यावर छापलंय. मुदत कधीपर्यंत आहे तेही छापलंय. पुढच्या मार्चपर्यंत."

"मुदत नाही विचारली. काढला कधी?"

"दोन हजार बारा. जून."

"म्हणजे दहा वर्षं होऊन गेली."

"हां, ते तुमच्या लक्षात आलं नाही," क्लिफ म्हणाला. अजून तो खुशीत होता, पोराला गणित समजावावं तसा बोलत होता. "माझ्या पासपोर्टला वर नऊ महिने आहेत. आधीचे उरलेले. मी वेळेआधी काढला होता ना."

मुलीने मागे वळून एका माणसाला बोलावलं. तो गळ्यातलं ओळखपत्र सावरत आला, त्याने पान पाहिलं आणि लगेच मिटलं. असे पासपोर्ट त्याने त्या उन्हाळ्यात पुष्कळ पाहिले असणार.

"ते वरचे महिने तिकडे आता धरत नाहीत, सर. आपण संघात होतो तेव्हा ते फक्त मुदत बघायचे. आता आपण बाहेरचे. बाहेरच्या माणसाचा पासपोर्ट गेल्या दहा वर्षांच्या आत काढलेला असायला लागतो."

"हा कोणाचा नियम?"

"त्यांचा."

"पण पासपोर्ट आपला आहे."

"दार त्यांचं आहे, सर."

क्लिफने पासपोर्ट परत घेतला, चष्मा वर करून मुदतीच्या तारखेवर बोट ठेवलं आणि त्या माणसाच्या तोंडासमोर धरला. "हे काय आहे मग? मार्च. छापलंय. खोटं छापलंय का सरकारने?"

"खोटं नाही, सर. मार्चपर्यंत चालेल की. तुर्कस्तानला चालेल. इथे तर चालेलच."

"इथे पासपोर्ट कशाला लागतो?"

"नाही लागत," तो माणूस म्हणाला.

मला हसू फुटलं. आवरलंच नाही. शेजारच्या रांगेतली ती बाई बाळाला कडेवर घेऊन आमच्याकडे बघत होती, आणि तिचं रडणं थांबलं होतं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात तो डोळ्यांसमोर उभा होता. गळक्या घराण्याची दोन्ही माणसं आत चालली होती आणि थेंबही न गळणारा बाहेर. इतकी वर्षं वाट पाहिलेली गंमत अशी आयती हातात आली होती, आणि मी ती मजेत चाखली. मग क्लिफच्या तोंडाकडे पाहिलं आणि हसायचा थांबलो. म्हातारा झाला होता तो, काउंटरपाशी उभ्या उभ्या.

त्याने फोन लावला. पासपोर्ट कचेरीच्या फोनवर बाजा वाजत राहिला. त्या उन्हाळ्यात अख्खा देश पासपोर्ट काढायला निघाला होता. शेवटी कोणीतरी बोललं: तातडीचा पासपोर्ट हवा तर सगळ्यात जवळची तारीख पुढल्या आठवड्यातली. क्लिफने "शनिवारी माझ्या मुलीचं लग्न आहे" असं तीन-चार वेळा सांगितलं, प्रत्येक वेळी आधीच्यापेक्षा जास्त नम्रपणे. विनवणी त्याला जमत नाही, कधी केलीच नव्हती. पलीकडून फोन बंद झाला तरी तो "आभारी आहे" म्हणाला.

कर्स्टीला फोन मी लावला. हेझल बॅगेच्या चाकाशी काहीतरी करत वाकली होती. क्लिफला ऐकू यावं म्हणून मी आवाज मोठा केला.

"कर्स्टी, अगं तुझ्या बाबांना विमानात घेत नाहीयेत."

पलीकडे लाटांचा आवाज. मग ती म्हणाली, "का?"

मी सगळं सांगितलं. "लग्न चार-पाच दिवस पुढे नाही का ढकलता येणार? नवा पासपोर्ट मिळेल तोवर."

"लग्न लावणारा नगरपालिकेचा अधिकारी शनिवारचाच मिळालाय, मामा. पुढची तारीख थेट सप्टेंबरात. पाहुणे येऊन बसलेत."

"अगं पण बाप आहे तुझा. इतका सराव केलाय त्याने."

"मला माहितीये," ती म्हणाली. "पण गाडी कोणासाठी थांबत नाही, मामा."

मी क्लिफकडे बघितलं. मला वाटलं आता हा कोसळणार. पण तो मान डोलवत होता. "बरोबर बोलतेय ती," तो फोनकडे वाकून म्हणाला. "बरोबर आहे, बाळा. एका माणसाच्या चुकीसाठी सगळ्यांना कशाला त्रास? तुम्ही थांबू नका. डेझमामा नेईल तुला." मग माझ्याकडे वळून, "पिऊन जाऊ नकोस म्हणजे झालं."

त्याने पाकिटातून एक जुनं चांदीचं नाणं काढलं. सहा पेनीचं. ते शुभ म्हणून नवरीच्या डाव्या बुटात घालतात, आणि घालायचं ते बापाने. त्याच्या आईच्या बुटात होतं, हेझलच्या बुटात होतं. "टाचेखाली ठेव," तो म्हणाला. "बोटांखाली ठेवलंस तर चालताना सरकतं."

हेझलने त्याच्या गालाला गाल लावला आणि ती तपासणीच्या दाराकडे चालायला लागली. एकदाही मागे वळली नाही. मी वळलो. क्लिफ ताठ उभा होता, काठी नाही, भिंतीचा आधार नाही, सूटची पिशवी हातावर आडवी. मला वाटतं त्याला दाखवायचं होतं की बघा, मी किती वेळ उभा राहू शकतो.

कॉर्फूला पोचलो. ऊन असं की माझं टक्कल दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत सोलून निघालं. शुक्रवारी दुपारी कर्स्टीने मला तिच्या खोलीत बोलावलं.

"उद्यासाठी काय आणलंयस, मामा?"

"पोपटांचा शर्ट आहे. नवा आहे."

ती हसली, कपाट उघडून तिने एक राखाडी सूट काढून पलंगावर टाकला. "घालून बघ."

मी न्हाणीघरात जाऊन घातला. कोट बसला. पँट बसली. आणि पँटची लांबी बसली. माझे पाय आखूड आहेत, आयुष्यात कुठल्याही दुकानातली पँट मला न कापता झालेली नाही. क्लिफ माझ्यापेक्षा वीतभर उंच. म्हणजे त्याच्यासाठी आणलेला हा नव्हे. मी आरशात बघत उभा राहिलो आणि पहिल्यांदा छान वाटलं, आणि मग कालचा दिवस आठवला. काल दुपारी तो बाप विमानतळावर अडकला. एका दिवसात, या बकऱ्यांच्या बेटावर, माझं माप कोणी घेतलं?

मी बाहेर आलो. "हा शिवला कधी?"

कर्स्टी खिडकीत टांगलेल्या नवरीच्या जाळीदार ओढणीवर इस्त्रीची वाफ मारत होती. "मेमध्ये."

"मेमध्ये कशाला?"

"तिकिटं काढताना पासपोर्टच्या तारखा टाकायच्या असतात, मामा. टाकताना बघितल्या."

मी पलंगावर बसलो. "म्हणजे तुला तेव्हाच माहीत होतं. दोन महिने आधी. एक फोन केला असतास तर नवा काढला असता त्याने, निळा."

"दोन महिने त्यांच्याकडेही होते," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "वेळेवर बघायचं काम ज्याचं त्याचं. मी काही केलं नाही, मामा. मी नुसती थांबले नाही."

गच्चीवर हेझल खुर्चीत पाय वर करून कलिंगड खात होती. दार उघडं होतं, तिला सगळं ऐकू गेलं होतं. मी तिच्याकडे गेलो.

"तुला ठाऊक होतं हे?"

"तुझी कंबर कोणी मोजली?" हेझल म्हणाली.

"अगं, रोज त्या पॅसेजमध्ये चालताना बघत होतीस त्याला!"

"रोज. चहा करून देत होते." तिने बी थुंकून कठड्यापलीकडे टाकली. "त्या दिवशी गाडीत बसले होते ना मी. आरशात ही मागे धावताना दिसत होती. तेव्हा हिच्यासाठी तोंड उघडलं नाही. आता हिच्यासाठी मिटलं, एवढंच." आणि मग माझी बहीण हसली, खरं हसली, कित्येक वर्षांनी. "आपलं घराणं गळकं ना रे डेझ? पण बघ, एवढं एक नाही गळलं."

मला काय वाटलं ते सांगतो. मला माझी आई आठवली आणि वाटलं, बरं झालं. मग तो व्हॅक्यूम क्लीनर आठवला आणि वाईट वाटलं, आणि क्लिफसाठी वाईट वाटावं याचाच संताप आला. मी खिशातून नाणं काढून कर्स्टीपुढे धरलं. "हे दिलंय त्याने. बुटात घालायला."

तिने ते बोटांत धरून उजेडात फिरवून पाहिलं आणि माझ्या तळहातावर परत ठेवलं.

"टोचेल," ती म्हणाली.

शनिवारी संध्याकाळी मी तिला घेऊन चाललो. प्यायलो नव्हतो. तिच्या छातीवर माझ्या आईचा ब्रोच होता आणि खरं सांगतो, माझी मान ताठ झाली. खुर्च्यांमधून जाताना बायका कुजबुजत होत्या, बिचारा बाप, काय नशीब एकेकाचं, कसला मेला नियम. कर्स्टीने रुमालाने डोळ्यांच्या कडा टिपल्या, सगळ्यांना दिसेल अशा. रुमाल कोरडा होता, मी तिच्या शेजारी होतो. नाणं माझ्या खिशात होतं आणि प्रत्येक पावलाला मांडीला लागत होतं.

जेवणं चालू असताना माझा फोन वाजला. क्लिफ. मी उठून स्वयंपाकघराच्या मागे गेलो, तिथे रिकाम्या क्रेट रचल्या होत्या.

"झालं?" त्याने विचारलं.

"झालं. छान झालं."

"नाणं घातलंस? टाचेखाली?"

"घातलं," मी म्हणालो.

"घाई नाही ना केलीस चालताना? तुला सवय आहे पुढे पळायची."

"नाही केली."

"मीही चाललो," तो म्हणाला. "त्याच वेळेला. सूट घालून. पॅसेजमध्येच, आता कुठे जाणार? दारापासून ओट्यापर्यंत. काठी नाही घेतली." मग म्हणाला, "कर्स्टी रडली असेल."

"डोळे टिपत होती."

"हे बघ डेझ, एक काम कर. पासपोर्टचा फोटो मी तिला पाठवला होता, म्हणून कोणी तिला बोल लावतील. मला ते चालणार नाही. लग्नाच्या धांदलीत पोरगी तारखा कुठे बघत बसणार? एरवी असलं काही तिच्या नजरेतून सुटत नाही. तिने नीट बघितलं असतं ना, तर नक्की पकडलं असतं." त्याचा आवाज जरा सावरला, त्यात जुना ताठा आला. "माझ्यावर गेलीय पोरगी."

आतून टाळ्यांचा आवाज आला. केक कापत असावेत.

"हो क्लिफ," मी म्हणालो. "अगदी तुझ्यावर गेलीय."

त्याला बरं वाटलं. फोनवरसुद्धा कळलं मला.